फिरत्या स्क्रीनचा कॅमेरा

पिंप्राळा, जळगाव
१४ जून १९९८

चि. कुंदा,

जय भीम. हाताला ‘चि. सौ.’ लिहायची सवय आहे. दोन कागद फाडले, हा तिसरा.

भाईदासला जाऊन आज चार आठवडे झाले. त्या दिवशी धुळ्यात सगळं उरकून आम्ही घरी आलो, तेव्हा तू बायकांमधून उठलीस आणि भरल्या घरात मला म्हणालीस, “भाऊ, तू त्याले तो फिरती स्क्रीनना कॅमेरा लेवू देता, तं तो आज जित्ता ऱ्हाता.” मी मान खाली घातली. तुझी सासू भागाबाई समोर होती, छोटी करुणा तुझ्या पदराला धरून होती. तिथे काय बोलणार? पण ते वाक्य माझ्याबरोबर एसटीत बसून जळगावला आलं. म्हणून लिहितो.

मी अठ्ठावीस वर्षं फोटो काढतो आहे. भाईदास सतरा वर्षांचा असताना माझ्या दुकानात आला. रोल भरण्यापासून सगळं मी शिकवलं. पुढे तुझ्याशी त्याचं लग्न लावलं तेही मीच. त्याचं वाईट मी चिंतीन का?

त्या कॅमेऱ्याचं वेड त्याला दीपनगरला लागलं. वीज केंद्राच्या कॉलनीत एका इंजिनियरच्या घरी बारसं होतं, त्यांच्याकडे बाहेरून आणलेला तो कॅमेरा होता. बाजूला पाटीसारखी स्क्रीन उघडते, वर-खाली कशीही फिरते, तिच्यात रंगीत चित्र दिसतं. भाईदासने दिवसभर तोच वापरला आणि संध्याकाळी आला तो हसतच. “भाऊ, बाळाची आजी माझ्याशी बोलत होती. आपल्या कॅमेऱ्यामागे माझं तोंडच दिसत नाही, लोक भिंगाकडे बघून गप्प होतात.” दुसरं म्हणाला, गर्दी असली की हात उंच करायचे, स्क्रीन खाली वळवायची, सगळ्यांच्या डोक्यांवरून शूटिंग. मी म्हटलं, त्यासाठी स्टूल असतं.

तुला खरं सांगू? फोटोग्राफरला त्याची काही गरज नाही. आपला कॅमेरा खांद्यावरचा. उजवा डोळा रबराच्या वाटीला लावला की आत नखाएवढं काळं-पांढरं चित्र दिसतं, आणि बाकी जग बंद होतं. ते बंद होणं हेच आपलं काम. स्क्रीन उघडली की माणूस टीव्ही बघत उभा राहतो. हात हलतो. आणि खानदेशच्या उन्हात त्या स्क्रीनमध्ये पांढऱ्या ठिपक्याशिवाय काही दिसत नाही. मी स्वतः पाहिलं आहे. मागचं तर कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाही.

धरणगावला त्या दिवशी काय झालं ते पोलिसांना सांगितलं तेच तुला सांगतो. लग्न रुपचंद नानांच्या मुलीचं. दुपारी बाराला नवरदेव घोड्यावर दारात आला. भाईदास वर धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर होता, मी खाली बँडवाल्यांना थोपवत होतो. धाब्याला पुढून कठडा आहे, मागून नाही. तो मागे सरकत गेला असावा. मागच्या गल्लीत गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी आहे, तिच्यावर डोकं आपटलं. कॅमेऱ्याचे तुकडे झाले, कॅसेटही गेली.

रुपचंद नाना म्हणतात की तो सकाळी बँडवाल्यांबरोबर प्यायला बसला होता. मी पाहिलं नाही, म्हणून मी त्यावर काही बोललो नाही.

करुणाच्या शाळेचं काय केलंस? तुझी वहिनी पुष्पा आठवण काढते.

तुझा
मोतीलाल भाऊ


पिंप्राळा
२३ ऑगस्ट १९९८

चि. कुंदा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण दहा वेळा वाचल्या. “भाऊ, माले बाकी काहीच नको. एकच सांग. तो पेयेल व्हता का?”

आणि खाली बारीक अक्षरात, की भागाबाई जेवत नाहीत.

मला सगळं माहीत आहे ग. त्यांचा नवरा दारूने गेला. भाईदास सोळा वर्षांचा असताना त्यांनी त्याला विहारात नेलं आणि बुद्धमूर्तीसमोर शब्द घेतला. बँडवाले, स्वयंपाकी, मांडववाले, सगळे लग्नात कोपऱ्यात बसायचे तेव्हा हा एकटा बॅटऱ्या चार्ज करत बसायचा. लोक चिडवायचे. खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन बघायचा आणि मगच घ्यायचा.

पण त्या सकाळी मी सगळा वेळ त्याच्याजवळ नव्हतो. दोन तास मी नवरीच्या बाजूला फोटो काढत होतो. त्या दोन तासांचं मी छातीठोक कसं सांगू? रुपचंद नाना गावातले मोठे माणूस. त्यांनी पोलिसांपुढे सांगितलं, दोघांनी मान डोलावली. धाब्याला कठडा नाही याचा दोष आपल्यावर येईल म्हणून ते तसं म्हणाले असतील, असं मलाही वाटतं. डॉक्टरांनी डोक्याला मार एवढंच लिहिलं. दारूचं कोणी तपासायला सांगितलं नाही. आता ते कागद उकरून काय होणार? माणूस परत येणार आहे का?

भागाबाईंना सांग, मोतीलाल म्हणतो, ‘तसा तो नव्हता.’ मोघम सांगितलंस तरी चालेल.

आणि तुला म्हणून सांगतो, तो पडला तेव्हा त्याच्या तोंडावर भीती नव्हती. एकदम शांत होता. त्याला काही कळलंसुद्धा नसेल. रात्री झोपताना हे आठव.

त्याचा एक चांगला फोटो मोठा करतो आहे. दोन वर्षांपूर्वी दुकानातच काढला होता, निळा शर्ट, भांग एका बाजूला. फ्रेम करून मी स्वतः आणून देईन. भिंतीवर लावा.

मोतीलाल


पिंप्राळा
८ नोव्हेंबर १९९८

चि. कुंदा,

दिवाळीच्या आधी फ्रेम घेऊन आलो होतो ते तुला आवडलं नाही, हे समजलं. भागाबाईंनी ओट्यावरूनच पाहिलं, आणि म्हणाल्या, “बाप दारुड्या, पोऱ्याबी तसाच निंघना. मन्ही भितवर नको लावू.” मी फ्रेम दाराशी टेकवली आणि पाणी न पिता निघालो. त्या किती वाळल्या आहेत! हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढतात.

आणि आता तुझं हे कार्ड. तू धरणगावला जाऊन आलीस. एकटी, पोरीला घेऊन, पहिल्या एसटीने. रुपचंद नानांच्या घरी न जाता नुसती त्या घराभोवती फिरलीस. आणि लिहितेस: “भाऊ, पुढली गल्लीमाईन मांगली गल्ली दिसत नही. तू पुढे व्हता ना? मंग त्यानं तोंड तुले कसं दिसनं?”

कुंदा, मी तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तसं लिहिलं. नाही दिसलं मला त्याचं तोंड. मी नंतर धावत मागे गेलो तेव्हा पाहिलं, ते शांत होतं, ते मी तसं लिहून बसलो. एवढ्याशा शब्दावरून तू भावाला पोलिसासारखं धरणार का? त्या गल्ल्या मोजत फिरून तुला काय मिळालं? लोकांनी पाहिलं असेल तर काय म्हणतील?

मला अलीकडे नीट दिसत नाही. कामं कमी घेतो. लग्नाच्या तीन ऑर्डरी सोडल्या. खांद्यावर कॅमेरा घेणारा कोणी नाही, आणि नवा माणूस ठेवायची इच्छा नाही.

तू यापुढे धरणगावला जाऊ नकोस.

मोतीलाल


पिंप्राळा
१२ जानेवारी १९९९

कुंदा,

परवा भागाबाईंना पोहोचवायला आलो, तेव्हा तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बरोबर केलंस.

त्या शेजारच्या झुंबरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की शेवटच्या दोन दिवसांत म्हातारी दुसरं काही बोललीच नाही. जो येईल त्याला विचारायची, “मन्हा पोऱ्या पेयेल व्हता का?” पाणी पाजायला आलेल्या पोरीलासुद्धा विचारलं. झुंबरबाई मला म्हणाल्या, “तुम्ही तर तिथे होता. तुम्ही येऊन सांगायचं ना.” चार लोक तिरडी बांधत होते, मी सुतळी धरून उभा होतो.

आता लिहितो. पुष्पा माहेरी गेली आहे, दुकान बंद आहे, दुपारचे दोन वाजलेत. हे पत्र मी फाडणार नाही.

भाईदास प्यायला नव्हता. त्या दिवशी सकाळी सहापासून तो पडेपर्यंत तो माझ्यासमोर होता. ‘दोन तास मी दुसरीकडे होतो’ ते खोटं. चहा आम्ही एकाच कपबशीत अर्धा अर्धा घेतला. रुपचंद नाना पोलिसांपुढे ते बोलले तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी तोंड उघडलं असतं तर पोलिसांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत, तुम्ही कुठे होता? आणि मी खाली नव्हतो. मी धाब्यावर होतो. त्याच्याबरोबर.

नवरदेव दारात आला तेव्हा बायका पुढच्या कठड्याला चिकटून उभ्या होत्या, खाली वाकून बघत होत्या. मी माझा फोटोचा कॅमेरा डोळ्याला लावून त्यांच्या बाजूला होतो. भाईदास बायकांच्या मागे. मला असं चित्र पाहिजे होतं की पुढे या बायकांच्या पाठी, रंगीत लुगडी, आणि त्यांच्या डोक्यांच्या मधून खाली घोडा आणि नवरदेव. मी शूटिंगमध्येही तेच घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, घोडा कापला जातोय. मी म्हटलं, मग मागे सरक.

यापुढचं मला आठवतं म्हणून लिहीत नाही. कॅसेटमध्ये आहे. कॅसेट गेलेली नाही, कुंदा. कॅमेरा फुटला, ती आत शाबूत होती. पोलीस यायच्या आधी मी काढून खिशात घातली. आठ दिवसांनी दुकानात बसून लावली. बँड वाजतो आहे, बायका ओरडत आहेत, आणि त्यात आमचे दोघांचे आवाज स्वच्छ ऐकू येतात.

माझा आवाज: “मागे ये. अजून मागे.”

त्याचा: “भाऊ, मांगे कठडा शे ना?”

माझा: “शे, शे. सरक तू.”

मी वळून बघितलं नाही. माझा डोळा माझ्या कॅमेऱ्यात होता. पुढे कठडा दिसत होता म्हणून मागेही असेल असं धरलं, की तेवढंही धरलं नाही, नुसतं ‘आहे’ तोंडातून गेलं, हे मला आज सांगता येत नाही. त्यानंतर चित्रात आभाळ येतं आणि संपतं. त्याचं तोंड मी पाहिलं नाही. पाठ होती माझी. बायका किंचाळल्या तेव्हा मला वाटलं घोडा बुजला.

त्याने मला विचारलं होतं, कुंदा. तो निष्काळजी नव्हता. पायाखालची जमीन दिसत नव्हती म्हणून त्याने ज्याला दिसत होतं त्याला विचारलं.

आता कॅमेऱ्याचं. पहिल्या पत्रात मी पानभर शहाणपण लिहिलं होतं. तो कॅमेरा असता तर त्याला मागे सरकावंच लागलं नसतं. बायकांच्या डोक्यांवरून हात उंच केले असते, स्क्रीन खाली वळवली असती, घोडा आला असता. हेच तर तो मला दीपनगरहून आल्या दिवशी सांगत होता. सगळ्यांच्या देखत तू जे म्हणालीस ते खरं होतं.

आणि मी नको म्हटलं ते उन्हामुळे नाही. तो कॅमेरा त्याने इंजिनियरकडून मागून मला दाखवायला दुकानात आणला होता. दुकानात कुठलं ऊन? माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, मी कोणाला बोललो नाही, पुष्पालाही नाही. आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्या वाटीत एक चाक असतं, ते फिरवून माझ्या डोळ्याला जमेल तसं करून घेत होतो. त्या स्क्रीनमध्ये मला नुसता पांढरा डाग दिसला. भाईदास विचारत होता, भाऊ, रंग कसे आहेत? मी म्हटलं, उन्हात काही दिसणार नाही याच्यात.

तो कॅमेरा दुकानात आला असता तर तो फक्त त्यालाच चालवता आला असता. मी त्याच्यामागे लाइट धरून फिरलो असतो. ज्याला मी रोल भरायला शिकवलं त्याच्यामागे. आई मला नेहमी म्हणायची, जावई आहे तो, अरे-तुरे करू नको. मी शेवटपर्यंत अरे-तुरेच केलं.

भागाबाई विचारत होत्या ते मला ऑगस्टपासून माहीत होतं. धुळं इथून अडीच तास. पाच महिन्यांत मी एक फ्रेम घेऊन आलो.

तू काय शिक्षा सांगशील ती सांग.

मोतीलाल


पिंप्राळा
१९ जानेवारी १९९९

कुंदा,

तुझं पत्र आलं. तू मला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ लिहिलंस.

“रविवारी सकाळी दहा वाजता विहारात आईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. तुम्ही या. कॅसेट आणा. जे लिहिलं ते लोकांसमोर उभं राहून बोला. लिहून पाठवू नका.”

मी तुला विनंती करणार होतो. दोन दिवस तेच जुळवत बसलो. की कॅसेट रजिस्टरने पाठवतो, ती लावली की सगळं आपोआप समजेल, माझ्या बोलण्याची काय गरज. की मी आधी पोलिसांकडे जाऊन जबाब बदलतो, मग लोकांना कळेलच. की तिथे शंभर माणूस असेल, माझ्या दुकानाचं काय होईल, मला चक्कर येते, बोलता येणार नाही. हे सगळं एका कागदावर लिहिलंही. मग वाचलं. ऑगस्टच्या पत्रासारखंच दिसत होतं.

पुष्पाला काल सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती, तशीच बसून राहिली. भाकरी करपली. तवा उतरवून म्हणाली, “म्हातारी मरेपर्यंत थांबलात?” आणि उठून बाहेर गेली. रविवारी ती माझ्याबरोबर येणार नाही.

मी येतो. दहाच्या आत येतो.

मोतीलाल


धुळे
७ फेब्रुवारी १९९९

भाऊ यांस,

जय भीम.

तुम्ही आलात आणि बोललात. आवाज बारीक होता, मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही, म्हणून आईंचे भाऊ, वना मामा तुम्हाला म्हणाले मोठ्याने बोला, आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून बोललात. ते मी पाहिलं. नंतर मामांनी विचारलं, “म्हतारी जिती व्हती तवय तुन्ही जीभ कोठे व्हती?” त्याचं तुम्ही उत्तर दिलं नाही. बरं केलं. उत्तर दिलं असतं तर मी उठून गेले असते.

तुम्ही न जेवता गेलात. तुमचं ताट वाढलं होतं, मी नाही, झुंबरबाईंनी.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून हे पत्र.

कॅसेट मी दुसऱ्या दिवशी शेजारी लावली. त्यांच्याकडे व्हीसीआर आहे. करुणाला शाळेत पाठवलं होतं. पहिल्यांदा आवाज बंद करून बघितली. नवरीच्या हाताची हळद, स्वयंपाकाच्या कढया, एक म्हातारी दात नाहीत म्हणून तोंड लपवते, तिला त्याने किती वेळ घेतलंय. चांगलं काढायचा तो. मला कधी कळलं नव्हतं, मी त्याची कामं बघितलीच नव्हती, लोकांच्या लग्नाच्या कॅसेट कोण बघतं? मग आवाज लावून बघितली. “शे, शे” तीनदा ऐकलं. तुम्ही रागाने बोलला नाहीत. घाईनेही नाही. रोज बोलता तसंच बोललात. ते मला सगळ्यात जड गेलं.

त्यात त्याचा आवाज सगळीकडे आहे, सकाळपासूनचा. कोणाला बाजूला व्हा म्हणतो, कोणाला हसा म्हणतो. दारू प्यायलेला माणूस तसा बोलत नाही हे लहान मुलालाही समजेल. आईंना ही पाच मिनिटं ऐकवली असती तरी पुरे होतं. त्यांना चित्र दिसलंही नसतं. आवाज ओळखला असता.

वना मामा आणि मी धरणगावला गेलो. रुपचंद नाना आधी आत घेईनात. त्यांची मुलगी माहेरी आली होती, तीच नवरी, तिला सातवा महिना आहे. तिने आम्हाला आत घेतलं. त्यांच्याच टीव्हीवर कॅसेट लावली. तिची स्वतःच्या लग्नाची कॅसेट तिने पहिल्यांदा पाहिली. ती रडायला लागली, मग नाना म्हणाले की मला कोणीतरी सांगितलं होतं. मामांनी विचारलं, कोणी, नाव घ्या. नाव निघालं नाही. कठडा नव्हता हे मी झाकलं, असं शेवटी त्यांच्या तोंडून आलं. मामांनी ते त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि खाली त्यांच्या मुलीची सही घेतली. आता मागच्या बाजूला कठडा बांधलेला आहे, सिमेंट अजून नवं दिसतं.

कॅसेट मी कोणाला देणार नाही. पोलिसांनी मागितली तर त्यांना दाखवीन आणि परत आणीन. तुम्ही जबाब बदलायला जाणार म्हणालात. गेलात की नाही ते मला लिहू नका. मी ठाण्यात जाऊन विचारीन.

त्याचा फोटो आता भिंतीवर आहे. तुम्ही आणलेलाच. शेजारी आईंचा. खिळा ठोकताना करुणाने विचारलं, आजीने आधी का लावू दिला नाही? मी सांगितलं, आजीला खोटं सांगितलं होतं. कोणी, ते तिने विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. पोरीला मी खोटं सांगणार नाही. मोठी झाल्यावर ती तुमच्याशी बोलेल की नाही ते तिचं तिने ठरवावं.

मी शिवणकामाच्या वर्गाला जाते. घर चालतंय. त्याची चिंता करू नका, आणि पुष्पा वहिनींच्या हातून काही पाठवू नका.

आखाजीच्या सणाला मी माहेरी येणार नाही. पुढच्याही नाही. तुम्ही पत्रं लिहू नका. रागाने सांगत नाही. पोस्टमन पाकीट देतो, त्यावर तुमचं अक्षर दिसतं, आणि मला आधी बरं वाटतं. माहेरचं पत्र आलं असं वाटतं. मग आठवतं. ते मधले दोन क्षण मला सोसत नाहीत.

कुंदा